एक बोट आखूड

दसरा झाला तरी हैबती सुतारानं हत्याराला हात लावला नव्हता. पूजेपुरता लावला, तेवढाच. करवत, वाकस, रंधा, पटाश्या पाटावर मांडल्या, झेंडूची फुलं वाहिली आणि पूजा आटोपताच सगळं गोणपाटात गुंडाळून पडवीच्या आढ्याला टांगून टाकलं. चंद्राबाई चुलीपाशी बसून बघत होती. नवऱ्याचा हात करवतीपाशी गेला की त्याच्या कपाळावर घाम येतो, हे तिला सहा महिन्यांपासून ठाऊक होतं. तिनं विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही.

शिमग्यानंतर हैबती रोजानं भोरच्या एका वखारीत गेला होता. तिथं विजेवर फिरणारी गोल करवत होती. तेराव्या दिवशी तिच्या पात्याखाली त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली, अंगठ्याशेजारचं आणि मधलं. जखम भरली. दोन खुंटांवर गुलाबी कातडी आली. पण पासलीला, आपल्या गावाला, परत आल्यापासून हैबती तो हात पंच्याखालीच ठेवायचा. जेवताना, चालताना, देवळापुढं बसताना, कायम पंच्याखाली.

आणि पडवीत फणसाच्या तीन फळ्या भिंतीला टेकून उभ्या होत्या.

गेल्या सालच्या पावसाळ्यात बाजीराव आणि सोनबा या दोन चुलतभावांच्या बांधावरचा फणस वादळानं पडला होता. झाड कुणाचं यावरून दोघं कोयते घेऊन समोरासमोर उभे राहिले. शेवटी गावानं मध्ये पडून ठरवलं की लाकूड कुणाचंच नाही, ग्रामपंचायतीच्या कचेरीला त्याचं टेबल करायचं. बाजीराव सरपंच. त्यानं भोरला कुठल्याशा कचेरीत लांबट गोल टेबल बघितलं होतं, कोपरे नसलेलं. तो म्हणाला, "तसलंच करा. त्याला वरचं अंग न्हाई, खालचं अंग न्हाई. म्हंजी सोनबा माझ्या खाली बसला असं कुनी म्हनाय नको."

लाकडाला वाळायला वर्ष दिलं. ते वर्ष आता संपलं होतं.

दसऱ्याच्या चौथ्या दिवशी बाजीराव पडवीत येऊन उभा राहिला. फळ्यांवर बोटाची गाठ वाजवून बघितली.

"हैबती, दिवाळीनंतर सभापती यायचं हाईत. टेबल कवा?"

"लाकूड अजून वाईच वलं हाय, दादा."

"वलं?" बाजीरावानं फळी नाकाशी नेली. "टणाटण वाजतंय की." मग त्याची नजर पंच्यावर गेली आणि आवाज खाली आला. "हे बघ, मी तुला बोलत न्हाई. पर लोक बोलत्यात. औंदा कुनाचा कुळव तू नीट केला? नांगर वेल्ह्याच्या रखमाजी सुताराकडनं नीट करून आनलं लोकांनी. आता झोडणीला तू खळ्यावर बलुतं मागाय येशील, तर काय म्हनून देत्याल?"

हैबतीनं खाचरांकडं बघितलं.  भात पिकत आलं होतं. महिन्याभरात खळी सारवली जातील, आणि त्या खळ्यांवर मिळेल तेच दोघांच्या पोटाला वर्षभर.

"करतो," तो म्हणाला. "दिवाळीच्या आत करतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं गोणपाट खाली काढलं. करवत तशीच ठेवली आणि रंधा घेतला. फळ्यांच्या कडा सरळ करायच्या होत्या, त्याला रंधा पुरे होता. रंध्याची भीती वाटत नव्हती. पिवळ्या सालपटांची भेंडोळी पायाशी पडू लागली, फणसाचा गोडसर वास पडवीत भरला आणि चंद्राबाईला बरं वाटलं. कडांना भोकं पाडून खुंट्या बसवल्या. तिनं चुलीवर सरस वितळवून आणला. तीन फळ्यांची एक रुंद फळी झाली. कासऱ्यानं करकचून आवळून चार दिवस ठेवली.

पाचव्या दिवशी फळी दोन लाकडी घोड्यांवर आडवी टाकून हैबती आखणीला बसला.

ही आखणी त्यानं भोरच्या वखारीतच बघितली होती. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं एका बंगल्याच्या टेबलाला असंच सूत फिरवलं होतं. हैबतीनं आधी उभी मधली रेघ मारली, मग आडवी. सुतावर लांबीच्या निम्मं माप घेतलं. त्याचं एक टोक आडव्या रेघेच्या टोकाशी धरलं, आणि दुसरं टोक उभ्या रेघेला जिथं लागलं तिथं खूण केली. मग तशीच खूण मध्याच्या दुसऱ्या बाजूला. त्या दोन खुणांवर खिळे मारायचे होते.

खिळा डाव्या हातात धरवेना. अंगठा आणि करंगळीशेजारचं बोट यांच्यात तो धरला तर लटपटत होता. तीनदा पडला.

"अगं, हिकडं ये. खिळा धर."

चंद्राबाई आली. लुगड्याला हात पुसून तिनं खिळा धरला. हातोडी उचलताना हैबतीचा हात मध्येच थांबला. खाली तिची बोटं होती.

"मारा की," ती म्हणाली.

त्यानं हळूच, टिचकी मारल्यागत दोन ठोके दिले. खिळा उभा राहिल्यावर तिला म्हणाला, "सोड आता, सोड." मगच जोरानं मारला.

सुताचा फास दोन्ही खिळ्यांभोवती टाकून त्यानं त्यात पेन्सिल अडकवली आणि सूत ताणतं ठेवून फिरवली. रेघ फळीच्या टोकाकडं गेली, वळली, दुसऱ्या अंगानं आली आणि जिथून निघाली होती तिथंच येऊन मिळाली. कुठं खोच नाही, कुठं फुगवटा नाही. चंद्राबाई तोंडावर हात ठेवून बघत राहिली.

"बया! दोन खिळ्यांवर?"

हैबतीला हसू आलं. कित्येक महिन्यांनी आलं. तेवढ्यात ओट्यावर चपला वाजल्या.

सोनबा होता. तो न बोलावता आला आणि न विचारता बसला. पानाची चंची काढली. "आखलंस व्हय? बेस. मी म्हनलं, बघावं." चुना मळत त्यानं फळी बघितली, मग हैबतीचा हात बघितला. गडबडीत पंचा खांद्यावरून घसरला होता. "तीन बोटांवर करवत चालती का रं?"

"चालंल, तात्या."

"चालली तर बरंच हाय. न्हाई चालली, लाकूड नासलं, तर मातर मी गावाला इचारनार. निम्मं लाकूड माजं हाय. बाजीरावाच्या कचेरीत जान्यापरीस माझ्या चुलीत जाऊ दे." तो उठला आणि जाताजाता म्हणाला, "रखमाजीला सांगावा धाडलाय मी. येईल परवा. तुला झेपत न्हाई म्हन, तो घिऊन जाईल फळी. आन मग बलुतं बी त्येलाच."

सोनबा गेल्यावर हैबती बराच वेळ त्या रेघेकडं बघत बसला. रेघ सुंदर होती. आता तिच्याकडं करवत न्यायची होती.

सकाळी चंद्राबाई पाण्याला गेली तेव्हा त्यानं करवत काढली. अरुंद पात्याची घेतली, वळणावर चालणारी. आधी फळीच्या कडेकडून रेघेपर्यंत चारचार बोटांवर आडवे काप घ्यायचे, मग कापांमधले तुकडे पटाशीनं उडवायचे, आणि उरलेलं वाकसानं आणि रंध्यानं रेघेला आणायचं. काम डोक्यात स्वच्छ होतं. त्यानं डावा हात फळीवर टेकवला, करवत कडेला लावली आणि ओढली.

पहिल्या ओढीला भुसा पडला. पिवळा.

दुसऱ्या ओढीला त्याच्या कानात भोरची ती करवत सुरू झाली.  नसलेल्या दोन बोटांच्या शेंड्यांना झिणझिण्या आल्या, ती बोटं जणू अजून तिथंच, पात्याच्या पुढं पसरून ठेवलेली होती. काखा भिजल्या. तिसरी ओढ त्यानं डोळे मिटून ओढली आणि डोळे उघडले तेव्हा त्याची मांडी धोतरासकट ओली झाली होती. चाळिशीचा बाप्या माणूस, आपल्याच पडवीत.

त्यानं करवत तिथंच टाकली. परसात जाऊन धोतर पिळलं, तसंच ओलं नेसलं आणि मागच्या वाटेनं वरच्या माळाला चालू लागला. कुणी बघू नये म्हणून बांधाबांधाच्या आडून गेला.

माळावर एका धोंडीशी तो उकिडवा बसून राहिला. खाली भाताची खाचरं पिवळी पडली होती. एकदोन ठिकाणी लवकर पिकणारं हळवं भात कापायला सुरुवात झाली होती. बाया वाकून पुढं सरकत होत्या आणि त्यांचे विळे एकदम चमकत. तिकडंही त्याला बघवेना. त्याच्या मनात आलं, आता रखमाजी येईल. फळी नेईल. उद्यापासून आपण कोण? सुताराचं आडनाव सांगणारा मजूर. आणि मजुरीला तरी कोण घेईल, कापणीला गेलो तरी विळा धरायचा आहेच.

ऊन डोक्यावर आलं. आणि मग त्याला आवाज आला.

खर्र. थांबून पुन्हा खर्र. खालून, त्याच्याच घरातून.

पहिल्यांदा त्याला वाटलं रखमाजी एक दिवस आधीच आला. पण सुतार अशी करवत ओढत नाही. आवाज अडखळत होता. पातं चिमटत होतं, जोर लावून सुटत होतं. करवत तिरकी चालली होती आणि चालवणाऱ्याला ते कळत नव्हतं. हैबती उभा राहिला. कोण आहे ते त्याला कळलं.

तो पळत सुटला. बांधावरून उड्या टाकत, तरवाडाच्या झुडपांतून, पंचा कुठं पडला त्याची शुद्ध नव्हती.

पडवीच्या तोंडाशी येऊन तो थबकला. चंद्राबाई फळीवर गुडघा देऊन वाकली होती. पदर कमरेला खोचलेला, उजव्या हातात करवत, आणि डावा हात फळीवर पसरलेला. अंगठा नेमका पात्याच्या पुढं. हैबतीच्या घशात ओरडा आला. ओरडलं तर ती दचकेल. दचकली तर हात हलेल, आणि—

त्यानं ओरडा गिळला. अनवाणी, पाय न वाजवता मागून गेला. तेवढ्या चार पावलांत करवत दोनदा पुढं गेली आणि दोनदा मागं आली. मग त्यानं आपला तुटका हात तिच्या डाव्या हातावर ठेवला आणि तो घट्ट धरून मागं ओढून घेतला.

चंद्राबाईनं वळून बघितलं.  तिच्या अंगठ्याच्या कडेला केसाएवढी लाल रेघ उमटली होती. तिला तिचा पत्ताही नव्हता.

"कुनी सांगितलं तुला हत्याराला हात लावायला?" त्याचा आवाज फाटला. "कुनी सांगितलं?"

"कुनी सांगायचं? उद्या रखमाजी येतोय. तुमी धोतर पिळून गेला ते म्या परसात बघितलं."

हैबती मटकन खाली बसला.

"तुजी बोटं गेली असती, चंद्रे."

"गेली असती तर गेली असती. पोटाला काय खायाचं ते सांगा." असं म्हणाली खरी, पण तिनंही अंगठा बघितला होता आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती त्याच्याशेजारी टेकली. अंगठा मुठीत दाबून म्हणाली, "लई दुखलं का वो तवा?"

"न्हाई. दुखलं न्हाई." त्यानं हे कुणालाच सांगितलं नव्हतं. "कळलंच न्हाई. भुसा तांबडा दिसाय लागला तवा म्या बघितलं. आन करवतीचा आवाज, चंद्रे, तो बदलला न्हाई. लाकूड कापताना जसा, तसाच. बोटं कापली तरी तसाच. ते काय डोक्यातनं जात न्हाई."

तिनं त्याचा हात मांडीवर घेतला. खुंटांवरून अंगठा फिरवला. गेल्या सहा महिन्यांत तिलाही त्यानं तो हात धरू दिला नव्हता.

मग हैबती उठला आणि फळीखाली हात घालून चाचपू लागला. तसाच थांबला.

"काय झालं?"

"करवत वरनं रेघेपाशी थांबलीया. पर खालनं आत गेली. चांगली बोटभर."

चंद्राबाईनं कपाळाला हात लावला. "नासली का वो? म्या नासवली?"

हैबतीच्या डोळ्यांपुढं सोनबाची चूल आली. पण आता ही भीती निराळी होती. ही लाकडाची भीती होती, सुताराची, आणि असल्या भीतीत काय करायचं ते त्याला येत होतं. खिळे अजून जागेवर होते. त्यानं सुताची गाठ सोडली, आखूड करून पुन्हा बांधली, आणि पेन्सिल फिरवली. जुन्या रेघेच्या आत बोटभर अंतरावर नवी रेघ निघाली. चंद्राबाईचा काप तिच्या बाहेरच राहिला.

"टेबल वाईच ल्हान व्हईल," तो म्हणाला. "होऊ दे."

काप घ्यायचे तर राहिलेच होते. तो फळीभोवती फिरला. मग कासरा आणला आणि फळी घोड्यांना अशी करकचून बांधली की ती धरायला हात लागूच नये. करवतीच्या शेंड्याला भोक होतं. त्यात त्यानं लाकडाची खुंटी ठोकून बसवली.

"तू ही धर. पल्याड उभी ऱ्हा. म्या ढकललं की ओढायचं, म्या ओढलं की सैल सोडायचं. फळीला हात लावायचा न्हाई. तू बी न्हाई, मी बी न्हाई."

"आन लोकांनी बघितलं तर?"

त्यांच्या घरात बायका हत्याराला शिवत नसत. हैबतीच्या आईनं जन्मभर पडवी झाडली, पण वाकस कधी उचलून बाजूला ठेवला नव्हता.

"बघितलं तर बघितलं."

पहिले चार काप घेताना तो दोनदा थांबला. दोन्ही वेळा घाम पुसून, खांबाला टेकून उभा राहिला. चंद्राबाई खुंटी धरून तशीच वाट बघत थांबली. "चला" म्हणाली नाही, "बसा"ही म्हणाली नाही. तिसऱ्यांदा त्याला थांबावंसं वाटलं तेव्हा त्यानं पात्याकडं बघायचं सोडून तिच्या हातांकडं बघितलं. खुंटीवर दोन्ही हात, दहाच्या दहा बोटं. पात्यापासून लांब. मग तो तिथंच बघत राहिला आणि करवत रेघेपाशी आली की नुसता म्हणायचा, "बास."

दिवेलागणीपर्यंत एक अंग झालं. दुसऱ्या दिवशी रखमाजी आला तेव्हा दुसऱ्या अंगाचे काप चालले होते. तो दारात उभा राहून बघत राहिला. चंद्राबाईनं खुंटी सोडून पदर सारखा केला.  रखमाजीनं वाकून नवी रेघ बघितली, कडेचे काप बघितले आणि चहासुद्धा न घेता तो आल्या वाटेनं परत गेला. संध्याकाळपर्यंत गावात झालं की सुताराची बायको करवत ओढती.

पुढचं काम हैबतीनं एकट्यानं केलं. पटाशीनं तुकडे उडवले, वाकसानं कड रेघेला आणली, रंधा मारला, आणि काचेच्या तुकड्यानं खरवडून खरवडून कड अशी केली की डोळे मिटून हात फिरवला तर कुठं सुरू झाली ते कळू नये. वाकसाचा घाव घालताना प्रत्येक वेळी त्याचा श्वास अडकत होता. अडकला की तो सुटेपर्यंत थांबायचा, आणि मग घाव घालायचा.

पाय बसवून टेबल कचेरीत गेलं त्या दिवशी पासलीतले सगळे पुरुष तिथं गोळा झाले होते. बाजीरावानं टेबलाच्या कडेवरून हात फिरवला. वीत टाकून लांबी बघितली आणि कपाळाला आठी पडली. सोनबा दाराशी होता.

"हैबती," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बाईमानसानं करवत ओढली म्हंत्यात. खरं का खोटं?"

सगळ्या माना हैबतीकडं वळल्या.  खोटं म्हणून टाकलं असतं तर तेवढ्यावर भागलं असतं. रखमाजी पासलीत नव्हता आणि दुसऱ्या कुणी घरात येऊन बघितलेलं नव्हतं. खळी आठ दिवसांवर आली होती.

"खरं हाय," तो म्हणाला. आवाज बारीक निघाला म्हणून त्यानं पुन्हा सांगितलं, "खरं हाय, तात्या. निम्मी करवत तिनं ओढली. मला एकट्याला जमत न्हाई. मला भ्या वाटतं."

कुणीतरी मागं हसलं. दुसऱ्या कुणीतरी त्याला दटावलं. बाप्या माणूस चारचौघांत असं म्हणतो हे कुणी ऐकलं नव्हतं. शेवटी बाजीराव एका खुर्चीवर बसला. समोरची खुर्ची रिकामी होती. सगळे तिच्याकडं बघायला लागले. सोनबा बराच वेळ दाराची चौकट धरून उभा राहिला, मग आला, खुर्ची जोरात ओढली आणि बसला. हात मात्र टेबलावर ठेवले नाहीत.

झोडणीला हैबती सगळ्या खळ्यांवर गेला. बहुतेकांनी नेहमीसारखं भात घातलं. दोघातिघांनी तोंड फिरवलं. सोनबानं त्याला सकाळी बोलावून दिवस मावळेपर्यंत खळ्याच्या कडेला बसवून ठेवलं. आधी परीट, मग न्हावी, मग गुरव असं सगळ्यांचं झाल्यावर मळणीचा तळ झाडून दिला, निम्मे दाणे पोचट असलेला. हैबतीनं तो पंच्यात बांधून घेतला. वाटेत त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यानं घरात शिरायच्या आधी पुसलं. वर्ष कसंबसं निघेल एवढं भात कणगीत पडलं.

थंडी पडायला लागली तेव्हा एका सकाळी वरच्या धनगरवाड्यातली ठकुबाई अंगणात येऊन उभी राहिली. काठी टेकून, धापा टाकत. हैबतीकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.

"करवत वढती ती सुतारीन तूच का गं?" तिनं चंद्राबाईला विचारलं.

चंद्राबाईचा चेहरा उतरला. गोष्ट डोंगरावरसुद्धा गेली होती.

"मीच. का वो?"

"वाघरू येतंय. परवा बकरं नेलं, काल दारातनं कुत्रं नेलं. कुडाचं दार हाय, ते काय टिकतंय? लेकी-सुना रातभर जागत्यात. आमचा म्हातारा आंथरुणाला खिळलाय, पोरगा मेंढरं घिऊन खाली देशावर गेलाय. दार करायला कोन येतंय वर? रखमाजी न्हाई म्हनला. दोन ऐनाची झाडं पाडून ठेवलीत. म्या म्हनलं, बाई करवत वढती, तर बाई येईल." ती ओट्यावर टेकली. "येशील का?"

ऐनाचं लाकूड. हैबतीला ते नुसतं ऐकूनच तळहाताला घाम फुटला. फणसाच्या दुप्पट टणक, पातं चिमटणारं, दात मोडणारं. त्याच्या तोंडाशी आलं होतं की लाकूड वाळू द्या, शिमग्यानंतर बघू. चंद्राबाई त्याच्याकडं बघत होती. ठकुबाईचे डोळे जागून जागून लाल झाले होते.

"कवा येऊ?" चंद्राबाईनं विचारलं. ठकुबाईला नव्हे, त्याला.

हैबतीनं तिच्या हातांकडं बघितलं.

"उद्या," तो म्हणाला. मग ठकुबाईकडं वळून, तिला नीट ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानं म्हणाला, "उद्या दिस उगवायला येतो आमी. दोघं बी."